खंदक खणला, स्वारी आलीच नाही

कोलकात्याच्या बागबाजारात आजही ‘मराठा डिच लेन’ नावाची गल्ली आहे. 1742 मध्ये नागपूरकर भोसल्यांच्या घोडदळाच्या धास्तीने रहिवाशांनी तिथे खंदक खणायला घेतला. मराठे कोलकात्यावर आले नाहीत. खंदक अर्धवट राहिला. बंगाल तेव्हा खरोखरच लुटला जात होता, त्यामुळे खणणाऱ्यांना मूर्ख ठरवणे अन्यायाचे होईल. मराठे वेशीत शिरले, अशी दवंडी कोणी पिटली असती, तर ती मात्र निव्वळ अफवा ठरली असती.

मार्च 2021 मध्ये विज्ञानवार्तांनी अशीच दवंडी पिटली. सर्नच्या एलएचसीबी प्रयोगात बी-मेसॉनच्या एका दुर्मिळ क्षयातील म्युऑन-जोड्या आणि इलेक्ट्रॉन-जोड्या यांचे गुणोत्तर 0.846 आले होते. ते जवळजवळ 1 असायला हवे. कारण प्रस्थापित सिद्धान्तानुसार या दोन लेप्टॉनांत वस्तुमानाखेरीज भेद नाही. तफावत 3.1 सिग्मांची होती. शोध म्हणण्यासाठी 5 लागतात आणि प्रयोगकर्त्यांनी ‘पुरावा’ एवढाच शब्द वापरला होता. मथळ्यांनी भौतिकीचे नियमच मोडीत काढले.

त्याच महिन्यात जपानमधील बेल प्रयोगाचा निबंध प्रसिद्ध झाला. त्या विश्लेषणात आयआयटी हैदराबादच्या संशोधकांचा मोठा वाटा होता. त्यांचे गुणोत्तर 1.10, अनिश्चितता सुमारे 0.15. एवढ्या अनिश्चिततेने एलएचसीबीचे खंडन होत नव्हते, हे मान्य. तरी सावधगिरीचे कारण घरातच उपलब्ध होते. राष्ट्रीय म्हणवणाऱ्या किती वार्तापत्रांनी त्याची दखल घेतली?

डिसेंबर 2022 मध्ये एलएचसीबीनेच आपला निकाल फिरवला. इलेक्ट्रॉन शोधकातून जाताना प्रारणाच्या रूपाने ऊर्जा गमावतो, म्हणून त्याची ओळख म्युऑनपेक्षा अवघड असते. इलेक्ट्रॉन म्हणून मोजलेल्यांत काही पायॉन आणि केऑन शिरले होते. छेद फुगला आणि गुणोत्तर घटले. निकष कडक करून ही भेसळ हिशेबात घेतल्यावर आकडा 0.949 झाला, म्हणजे अनिश्चिततेच्या मर्यादेत 1. शेकडो शास्त्रज्ञांनी आपलाच गाजलेला निकाल जाहीरपणे मागे घ्यावा, याहून मोठी बातमी ती कोणती? विद्यार्थ्यांपर्यंत मात्र ‘फुगा फुटला’ एवढेच पोचले. ज्यांनी तो फुगवला, त्यांनीच हे म्हणावे, हा विनोद वेगळाच.

टाऊ लेप्टॉन निर्माण होणाऱ्या बी-क्षयांतील 3 सिग्मांहून अधिक तफावत अजून उभी आहे. तिच्यावर पुढचा मथळा येईल तेव्हा टाऊ ओळखला कसा आणि छेदात मोजले काय, याची दोन वाक्ये तरी त्याखाली छापावीत.