नावे ठेवण्यापूर्वी

'नाव ठेवणे' आणि 'नावे ठेवणे' यांत मराठीने मोठी गंमत करून ठेवली आहे. पहिले बारशाचे काम, दुसरे दोष काढण्याचे. शास्त्राला दोन्हींची गरज असते. पण आपल्याकडे पहिल्याचा उत्साह दांडगा आणि दुसऱ्याचा कंटाळा. माशांच्या पोटातील कृमींचे उदाहरण या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे.

गोदावरीकाठच्या आपल्या भागात वाम, मरळ, शिवडा हे मासे कोणाला ठाऊक नाहीत? यांच्या आतड्यांत पट्टकृमी राहतात. कृमीची अंडी पाण्यात पडतात, ती डोळ्यांना जेमतेम दिसणारे कवचधारी जीव खातात आणि त्या जीवांबरोबर अळी पुन्हा माशाच्या पोटात जाते. कृमीची ओळख पटते ती त्याच्या डोक्यावरून आणि त्यावरील आकड्यांवरून, आणि तीही सूक्ष्मदर्शकाखाली.

१९५८ साली स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठात या अभ्यासाची परंपरा निर्माण झाली. जी. बी. शिंदे यांनी १९६८ साली मरळीच्या कुळातील माशातून 'सर्कमऑन्कोबोथ्रियम' ही नवी प्रजाती वर्णिली. पुढे 'सेंगा गोदावरी', 'सेंगा औरंगाबादेन्सिस', 'सेंगा पैठणेन्सिस' अशी नावे शास्त्रग्रंथांत गेली. आपली नदी व आपली गावे जगाच्या यादीत आली, याचा अभिमान वाटणे स्वाभाविकच आहे.

परंतु नावांची संख्या म्हणजे विविधता नव्हे. शिवड्यासारख्या माशांत सापडणाऱ्या 'गँजेसिया' या दुसऱ्या गटातील कृमींची फेरतपासणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. मूळ नमुने, नवे नमुने व डीएनए ताडून पाहता, या प्रदेशातून नोंदलेल्या ४८ नावांपैकी खऱ्या जाती उरल्या अवघ्या चार! हा निकाल 'सेंगा'चा नव्हे, हे लक्षात ठेवावे. मात्र धडा सर्वांनाच लागू आहे.

असे का व्हावे? मेलेला कृमी आकसतो, काचेखाली दाबला की पसरतो. वयाप्रमाणेही त्याचे रूप पालटते. एकदोन नमुने पाहून, जुन्या नमुन्यांशी न ताडता, नवा मासा म्हणजे नवा कृमी असे मानले की याद्या फुगतात. वास्तविक एकाच जातीतील व्यक्तिव्यक्तींमधील फरक हाच उत्क्रांतीचा कच्चा माल. त्या फरकालाच जात म्हटले, तर उत्क्रांती दिसणार तरी कशी?

नाव बदलणे ही नामुष्की मुळीच नव्हे. माशांच्या कल्ल्यांत व स्नायूंत गाठी करणारे 'मिक्सोबोलस'सारखे सूक्ष्म परजीवी पूर्वी एकपेशीय प्राण्यांत गणले जात. आज ते हायड्रा व जेलीफिश यांचे, अतिशय साधे झालेले, नातलग ठरले आहेत. त्यांच्या बीजाणूतील गुंडाळलेला धागा जेलीफिशच्या दंशपेशीचीच आठवण देतो.

कोणी म्हणेल, परक्यांनी येऊन आमचे काम खोडून काढले. तसे नाही. २०१२ च्या त्या अभ्यासात नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठातील संशोधकही सहभागी होते. आपल्याच पदरातले धान्य आपण निवडले, तर त्यात कमीपणा कसला?

म्हणून प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत नमुन्यांचे एक कपाट असावे. मासा कोणता, कोठला, कोणत्या दिवशीचा, याची चिठ्ठी प्रत्येक बाटलीवर हवी. काही नमुने तीव्र अल्कोहोलात ठेवावेत, कारण फॉर्मेलीनमध्ये ठेवलेल्या नमुन्यातून पुढे डीएनए मिळणे कठीण जाते. नाव चुकले तर ते दुरुस्त होते. नमुनाच हरवला, तर दुरुस्तीची वाटही बंद होते. नवे बारसे करण्यापूर्वी जुनी बाटली उघडून पाहण्याची सवय आपण लावून घेऊ या.