यात्रेची जोखीम कोणाच्या माथी?

परदेशप्रवासाची सुरक्षितता हा सुखवस्तूंच्या चैनीचा प्रश्न आहे, अशी एक समजूत पुरोगामी चळवळीत नकळत रुजलेली आहे. खान्देशाच्या अलीकडच्या अनुभवाने ही समजूत खोटी ठरविली आहे. २३ ऑगस्ट २०२४ रोजी पोखऱ्याहून काठमांडूकडे निघालेली यात्रेकरूंची बस नेपाळच्या तनहूँ जिल्ह्यात मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि सत्तावीस जणांना प्राण गमवावे लागले. मृतांपैकी बहुतेक जण जळगाव जिल्ह्यातील, वरणगाव-भुसावळ परिसरातील होते. हवाई दलाच्या विमानाने पार्थिव देह नाशिकला आणले गेले, तेथून ते गावोगाव पोहोचले. शासनयंत्रणा मृत्यूनंतर तत्परतेने हलली, हे मान्य केले पाहिजे. परंतु ही माणसे घरून निघाली तेव्हा त्यांना रस्त्याची, ऋतूची आणि त्या देशाच्या स्थितीची माहिती देणारी कोणतीही सार्वजनिक यंत्रणा त्यांच्या गावी नव्हती. खरा प्रश्न तेथून सुरू होतो.

त्यानंतर अवघ्या वर्षभराने तोच देश दुसऱ्या कारणाने हादरला. ४ सप्टेंबर २०२५ रोजी नेपाळ सरकारने सव्वीस समाजमाध्यमांवर बंदी घातली. ८ सप्टेंबरला तरुण रस्त्यावर उतरले. त्या एका दिवसात गोळीबारात एकोणीस जण मृत्युमुखी पडले. दुसऱ्या दिवशी संसद आणि सिंहदरबार जळत होते, पंतप्रधान ओलींनी राजीनामा दिला होता आणि काठमांडूचा विमानतळ बंद झाला होता. महाराष्ट्रातील अनेक पर्यटक जागच्या जागी अडकून पडले. काठमांडूत हॉटेलला लावलेल्या आगीतून सुटू पाहणाऱ्या एका भारतीय महिलेचा अंत झाला. १२ सप्टेंबरला माजी सरन्यायाधीश सुशीला कार्की यांचे अंतरिम सरकार आले आणि ५ मार्च २०२६ ही निवडणुकीची तारीख जाहीर झाली. चार-पाच दिवसांत एक राजवट गेली आणि दुसरी आली.

वरवर पाहता या दोन घटनांचा परस्परांशी संबंध नाही. एक अपघात, दुसरा राजकीय उठाव. प्रवासाला निघणारा माणूस आणि त्याला नेणारा सहलीवाला हे दोघेही धोका मोजताना दुसऱ्याच प्रकाराकडे पाहतात. ‘तिकडे सध्या शांत आहे ना?’ एवढे विचारले, होकार मिळाला, की चौकशी संपली. ही मोजणीच सदोष आहे. राजकीय अस्थैर्य हे केवळ चौकात पेटलेल्या टायरांत दिसत नाही. ते अर्धवट राहिलेल्या रस्त्यात असते, दरडप्रवण घाटात पावसाळी रात्री वाहतूक रोखण्यास कोणी नसण्यात असते, अपघातानंतर नदीपर्यंत दोर व बोट किती वेळात पोहोचते यात असते. ज्या देशात सत्ता वारंवार बदलते, तेथे ही संथ हानी वृत्तपत्राच्या मथळ्यात येत नाही. माणसे मात्र तिच्यामुळेही मरतात.

नेपाळ २००८ साली प्रजासत्ताक झाला. तेव्हापासून एकाही पंतप्रधानाला पाच वर्षांचा कार्यकाळ पूर्ण करता आला नाही. सोनौलीहून काठमांडूकडे जाणाऱ्या वाटेवरील बुटवल-नारायणघाट रस्त्याचे उदाहरण पाहावे. आशियाई विकास बँकेचे कर्ज घेऊन २०१९ च्या सुमारास त्याचे रुंदीकरण सुरू झाले. ते २०२२ पर्यंत संपावयाचे होते. मुदत उलटून गेली तरी काम रेंगाळतच राहिले. त्याच वाटेने पुढे नारायणघाट-मुगलिंग टप्प्यावर, सिमलताल येथे, १२ जुलै २०२४ च्या पहाटे दरड कोसळून प्रवाशांनी भरलेल्या दोन बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. त्याच दिवशी काठमांडूच्या संसदेत प्रचंड यांच्या सरकारने विश्वासमत गमावले. या योगायोगातून थेट कार्यकारणभाव काढणे शास्त्रीय ठरणार नाही. दरड काही मतदानाने कोसळत नाही. परंतु ज्या आठवड्यात शासनाने घाटरस्त्याकडे पाहावयाचे, त्या आठवड्यात ते स्वतःला सावरण्यात गुंतलेले होते, एवढे निश्चित म्हणता येते. या घटनेला सहा आठवडे होत नाहीत तोच खान्देशातील यात्रेकरूंची गाडी त्याच डोंगराळ मुलखात होती.

यात ऋतूचाही भाग आहे. श्रावण हा महाराष्ट्रात शिवदर्शनाचा महिना. पेरणी-निंदणी आटोपून शेतकरी कुटुंबाला थोडी उसंतही तेव्हाच मिळते. नेपाळात मात्र ते ऐन पावसाळ्याचे आणि दरडींचे दिवस असतात. पुण्याचा महिना आणि धोक्याचा महिना एकच आहे, ही साधी गोष्ट भुसावळ, अमळनेर वा शिरपूरच्या बसस्थानकावरील सहलींच्या फलकावर कोणी लिहीत नाही.

अर्थशास्त्रज्ञ फ्रँक नाइट यांनी १९२१ साली जोखीम आणि अनिश्चितता यांत भेद केला. जिची शक्यता अनुभवावरून मोजता येते ती जोखीम. जिची मोजदादच करता येत नाही ती अनिश्चितता. पावसाळ्यातील घाटरस्ता ही जोखीम आहे: महिना, मार्ग, वेळ बदलून ती कमी करता येते. राजवट कोसळणे ही अनिश्चितता आहे: ऑगस्ट २०२५ मध्ये कोणताही सहलीवाला किंवा पंडित ९ सप्टेंबरचे भाकीत करू शकला नसता. म्हणून दोहोंसाठी प्रश्न निराळे हवेत. पहिल्याबाबत ‘हे टाळता येईल काय?’ असे विचारावे. दुसऱ्याबाबत ‘गडबड होईल काय?’ हे विचारणे व्यर्थ आहे. ‘झालीच, तर तीन दिवस तग धरून परत येण्याची आपली ताकद आहे काय?’ हे विचारावे.

ही ताकद म्हणजे काही अमूर्त वस्तू नव्हे. परतीसाठी राखून ठेवलेले पैसे, आठवडाभर पुरतील इतकी मधुमेहाची व रक्तदाबाची औषधे, भारतीय वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहिलेला, बरोबरच्या सर्वांची नावे व मुक्काम यांची यादी घरी ठेवलेली, ही ती ताकद. नेपाळला जाण्यास भारतीयांना व्हिसा लागत नाही, म्हणून कागदपत्रांकडे दुर्लक्ष होते. पण विमानाने परतण्याची पाळी आली तर प्रौढ माणसाजवळ पासपोर्ट किंवा निवडणूक ओळखपत्र असावे लागते. गाडी रात्री घाटात चालविली जाणार काय, दुसरा चालक आहे काय, हे आधी विचारले पाहिजे. भारतीय वाहनाच्या विम्याची व्याप्ती सामान्यतः भारतापुरती असते आणि नेपाळसाठी ती जादा हप्ता भरून वाढवावी लागते. ती वाढविली आहे काय, याचा कागद पाहावयास मागितला पाहिजे. प्रवासविमा उतरविताना युद्ध आणि दंगलीबाबतचे अपवाद वाचून घ्यावेत, कारण इशारा प्रसृत झाल्यानंतर काढलेला विमा त्या कारणासाठी बहुधा कामास येत नाही.

तथापि येथेच थांबल्यास सर्व भार प्रवाशाच्या शहाणपणावर टाकल्यासारखे होईल, आणि नेमकी तीच बाजारपेठेची शिकवण आहे. युक्रेनचा अनुभव याबाबत बोलका आहे. १५ फेब्रुवारी २०२२ रोजी कीव्हमधील भारतीय वकिलातीने, राहणे अत्यावश्यक नसेल तर देश सोडण्याचा विचार करावा, असे विद्यार्थ्यांना कळविले. २४ तारखेला युद्ध सुरू झाले. इशारा मिळाला होता, तरी हजारो विद्यार्थी तेथेच राहिले. विद्यापीठे वर्गात हजेरी मागत होती, विमानाचे भाडे आवाक्याबाहेर गेले होते आणि वडिलांनी कर्ज काढून भरलेले शुल्क डोळ्यांसमोर होते. त्यांत महाराष्ट्रातील शेकडो मुले होती. इशारा सर्वांना सारखाच मिळतो. तो पाळण्याची ऐपत सारखी नसते. ज्याची यात्रा दोन वर्षांच्या बचतीतून निघालेली आहे आणि ज्याला रद्द केल्यास पैसे परत मिळणार नाहीत, तो धोका पत्करूनही निघतो. त्याला बेफिकीर म्हणणे अन्यायाचे आहे. त्याच्यापुढे निवडच उरू दिलेली नसते.

म्हणून जोखमीचे मूल्यमापन हे सामाजिक कार्य आहे, असे समाजवाद्यांनी ठामपणे मांडले पाहिजे. मजुरीसाठी परदेशी जाणाऱ्यांकरिता १९८३ चा उत्प्रवासन कायदा आहे. भरती करणाऱ्या दलालाला नोंदणी आणि तारण देणे त्यामुळे भाग पडते. सहल नेणाऱ्यावर असे बंधन नाही. पर्यटन मंत्रालयाची मान्यता ऐच्छिक आहे. त्याच्याविरुद्ध दाद मागण्यास जळगाव आणि धुळे येथे जिल्हा ग्राहक आयोग आहेत, पण तो उपाय हानी झाल्यानंतरचा आहे. मागण्या तीन असाव्यात. परदेशी सहली नेणाऱ्यांची नोंदणी आणि अनामत सक्तीची व्हावी. परराष्ट्र मंत्रालयाने प्रवास टाळण्याची सूचना दिल्यास प्रवाशाला भरलेली रक्कम परत मिळण्याचा हक्क कायद्याने असावा. आणि २००५ च्या कायद्याने प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जे आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण आहे, त्याने यात्रेच्या हंगामापूर्वी मार्ग, हवामान व राजकीय स्थिती यांची माहिती मराठीत, तहसील कचेरीपर्यंत पोहोचवावी.

यावर असा आक्षेप येईल की, अशाने शासन लोकांच्या संचारावरच अंकुश ठेवू लागेल. आणीबाणी पाहिलेल्या चळवळीने ही भीती हलकी लेखू नये. परंतु येथे बंदी मागितलेली नाही. माहिती देण्याची आणि दायित्व ठरविण्याची मागणी आहे. जाणे न जाणे यात्रेकरूनेच ठरवावे. मात्र ते अंधारात ठरवावे लागू नये.

दुसराही एक धोका टाळला पाहिजे. शेजारच्या देशातील उठावाकडे केवळ आपल्या सहलीतील विघ्न म्हणून पाहणे समाजवाद्यांना शोभणारे नाही. १९४३ मध्ये जयप्रकाश नारायण आणि राममनोहर लोहिया यांना नेपाळच्या तराईने आसरा दिला, आणि ते पकडले गेले तेव्हा हनुमाननगरच्या कैदेतून त्यांची सशस्त्र सुटका करण्यात आली. ते ऋण विसरता येत नाही. शिवाय प्रवासाचा ओघ एकाच दिशेचा नाही. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात, आगीच्या अफवेने पुष्पक एक्सप्रेसमधून उतरलेले प्रवासी दुसऱ्या गाडीखाली चिरडले गेले. त्या मृतांत नेपाळमधील माणसेही होती. जळगावचे यात्रेकरू मर्स्यांगदीत आणि नेपाळी प्रवासी जळगावच्या रुळांवर मरतात, तेव्हा देश वेगळे असले तरी वर्ग बहुधा एकच असतो: स्वस्तात स्वस्त साधनाने, कोणाच्याही हमीशिवाय प्रवास करणारा.

पक्षाच्या तालुका शाखांना यासाठी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. आषाढ संपण्यापूर्वी भुसावळ, वरणगाव, अमळनेर, धुळे, शिरपूर येथे यात्रा मंडळांच्या बैठकांना कार्यकर्त्यांनी जावे, वर दिलेले प्रश्न छापलेला एक कागद द्यावा आणि सहलीवाल्याकडून त्याची लेखी उत्तरे घेण्यास लोकांना मदत करावी. जो उत्तर देण्यास टाळाटाळ करील, त्याच्या गाडीत बसू नये. ज्यांना हे काम क्षुल्लक वाटेल, त्यांनी वरणगावात जाऊन यावे.