रूबार्ब, व्हाया अकोला

पुण्यातल्या एका कॅफेच्या मेन्यूकार्डावर नवीनच डेझर्ट दिसलं. मी झोकात 'ऱ्हुबार्ब' म्हटलं आणि टेबलावर हशा पिकला. 'ह' म्हणायचा नसतो म्हणे, 'रूबार्ब' म्हणायचं. ओके बॉस! पण मला आठवली पहिली नोकरी. मीटिंगमध्ये माझ्या तोंडून 'काऊन?' निघालं, तेव्हाही सगळे असेच हसले होते. त्यानंतर कित्येक महिने मी मीटिंगमध्ये गप्प. अकोल्याहून फोन आला की थेट जिन्यात!

मग काय, हट्टाने या शब्दाच्या मागे लागले. व्होल्गा नदीचं जुनं नाव 'ऱ्हा'. त्याला जोडला ग्रीक 'बार्बारॉस', म्हणजे परका. ज्याचं बोलणं कानाला नुसतं 'बर-बर' वाटतं तो. संस्कृतातला 'बर्बर' याच शब्दाच्या नात्यातला मानतात. इंग्रजी रंगभूमीवर तर गर्दीची कुजबुज हवी असली की नट 'रूबार्ब, रूबार्ब' पुटपुटतात. त्यामुळे शब्दाचा आणखी एक अर्थ झाला, वायफळ बडबड!

आपल्याकडे काष्ठौषधींच्या दुकानात पोट साफ करायला जी 'रेवाचिनी' मिळते, ती याच जातकुळीतली मुळी. फारसी 'रेवंद', आणि चीनकडून येणारी म्हणून 'चिनी'. म्हणजे ग्रीकांनी परकी म्हटलं, इराण्यांनी चिनी. बिचारीला आपलं कुणी म्हणेना.

परवा त्याच कॅफेत बसले होते, तेवढ्यात अकोल्याहून आजीचा फोन. या वेळी जिन्यात गेले नाही. तिला म्हटलं, "आजी, एक भाजी हाय. लाल, आंबट दांडे. पानं विषारी असतात, म्हणून फेकतात. दांडे साखर घालून शिजवतात."

"आंबट दांडे? म्हंजे चुकाच म्हन नं व!"

घरी येऊन तपासलं. आजी शंभर टक्के बरोबर! रूबार्ब आणि चुका वनस्पतिशास्त्रात एकाच कुळातले. दोघांच्या आंबटपणात ऑक्झॅलिक आम्लाचा वाटा. अमरावतीच्या भाजीबाजारात जुडीने मिळणाऱ्या चुक्याची ही परदेशातली चुलतबहीण. जगाने परकी म्हटलेल्या भाजीला आमच्या आजीने एका वाक्यात घरात घेतलं, तेही अस्सल वऱ्हाडीत.

फोन ठेवला तेव्हा शेजारच्या टेबलावरची मुलगी माझ्याकडेच बघत होती. मनात म्हटलं, झालं, आता ही हसणार. तर ती म्हणाली, "तू अकोल्याची काय व? मी अमरावतीची!"