जाहीर आवाहन : पिसवा झाल्या म्हणून मांजर बंदरावर सोडू नका

मालवण, वायरी, तारकर्ली, देवबाग, सर्जेकोट, तोंडवळी, आचरा या पट्ट्यातल्या सर्व रहिवाशांना आणि चतुर्थीला गावी येणाऱ्या चाकरमान्यांना नम्र विनंती.

पाऊस लागला की किनाऱ्यावरच्या घरांत पिसवांची तक्रार सुरू होते. घोट्यापासून पोटरीपर्यंत लाल ठिपके उठतात, पोरं रात्री खाजवत जागी होतात आणि सगळा दोष घरातल्या मांजराच्या माथी जातो. मग कुणीतरी म्हणतं, "माजराक पिसवो झाल्यो, नेऊन सोड बंदरार." मांजर गोणीत भरलं जातं आणि जेटीवर, मच्छी मार्केटच्या मागे नाहीतर दुसऱ्या गावाच्या वेशीवर सोडलं जातं. हे थांबवावं, यासाठी हे आवाहन आहे. घरात वाढलेल्या मांजराला बंदरावरची जुनी मांजरं टिकू देत नाहीत. कुत्रे आणि गाड्या आहेतच. पाळलेल्या जनावराला उपासमार होईल अशा स्थितीत टाकून देणं हा १९६०च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानुसार गुन्हा आहे, हेही लक्षात असू द्या.

आणि एवढं करून पिसवा जात नाहीत.

मांजराच्या अंगावर दिसते ती फक्त मोठी झालेली पिसू. घरातल्या सगळ्या पिसवांचा हिशेब मांडला तर हा वाटा शेकडा पाचाच्या आसपास भरतो. बाकीचा सगळा संसार जमिनीवर असतो. एक मादी दिवसाला ४० ते ५० अंडी घालू शकते. ती गुळगुळीत असल्यामुळे केसांवर चिकटत नाहीत. मांजर जिथे झोपतं, अंग झटकतं, उडी मारतं तिथे ती गळून पडतात. त्यातून निघणाऱ्या अळ्या उजेड टाळतात आणि लादीच्या सांध्यात, सारवणाच्या भेगेत, वाकळीच्या घडीत, पडवीतल्या लाकडांच्या ढिगाखाली वाढतात. पुढे त्या कोश विणतात. अळीला दमट हवा लागते, आणि जून ते सप्टेंबर आपल्याकडे दमटपणाला तोटा नसतो. मांजर गेलं तरी हे सगळं घरातच राहतं. कोशातून नवी पिसू बाहेर पडते, तिला मांजर सापडत नाही, मग ती माणसाच्या पायावर चढते. म्हणूनच मांजर सोडून आलेल्या घरांत चावे कमी होण्याऐवजी वाढल्याची तक्रार येते.

आपल्या भागाच्या इतिहासात याची मोठी साक्ष आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला. उंदरांचा आणि प्लेगचा संबंध लोकांना दिसत होता, पण रोग उंदरातून माणसात येतो कसा, ते कळत नव्हतं. १८९८ मध्ये तेव्हाच्या मुंबई इलाख्यातल्या कराचीत पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टराने प्रयोग करून दाखवलं की उंदीर मरून थंड पडला की त्याच्यावरच्या पिसवा दुसरं ऊबदार अंग शोधतात. मांजराची पिसू वेगळ्या जातीची आहे आणि ती चावली म्हणून प्लेगची धास्ती घेण्याचं कारण नाही. पण भुकेली पिसू मिळेल त्या अंगाकडे वळते, ही सवय दोघींची सारखीच.

बंद घरांबद्दल जरा विस्ताराने लिहितो, कारण या किनाऱ्यावर हा प्रश्न फार मोठा आहे. शिमग्यानंतर किंवा मे महिन्यानंतर कुलूप लागलेलं घर थेट चतुर्थीला उघडतं. मधल्या काळात एखादी मांजरी कौलाच्या फटीतून माळ्यावर जाते, तिथे पिल्लं घालते आणि महिन्या-दीड महिन्यात पिल्लांना घेऊन निघून जाते. मागे राहतात ते कोश. कोशातली पिसू काही महिने न खाता दबा धरून राहू शकते. जमिनीची थरथर, अंगाची ऊब आणि श्वासातून सुटणारा वायू जाणवला की ती बाहेर येते. गणपतीच्या आदल्या दिवशी आठ-दहा माणसं दार उघडून आत शिरतात, सामान ओढतात, जमिनीवर अंथरूण टाकतात, आणि महिनोन्‌महिने थांबलेल्या पिसवा एकाच वेळी उसळतात. "घरात मांजर नाही, मग पिसवा आल्या कुठून?" या प्रश्नाचं उत्तर हे असं आहे.

म्हणून चाकरमान्यांना विनंती, की आपल्या घराची किल्ली ज्यांच्याकडे असते त्या शेजाऱ्यांना निदान पंधरा दिवस आधी घर उघडायला सांगा. त्यांनी पांढरे मोजे घालून खोल्यांतून पाच-दहा मिनिटं फिरावं. पिसवा असतील तर मोज्यांवर काळे ठिपके उड्या मारताना दिसतील. मग जमीन, कोपरे, माळा नीट झाडून घ्यावा आणि तीन-चार दिवसांनी पुन्हा फिरून पुन्हा झाडावं, म्हणजे पहिल्या खेपेला न उठलेल्या पिसवाही उठतील. माळ्यावर जायची फट जाळीने बुजवावी, पण आत पिल्लं नाहीत ना, हे आधी पाहावं. जे शेजारी हे काम करतील त्यांची मजुरी द्या. ओळखीच्या नात्यावर हे फुकट करून घेऊ नये.

आता सर्वांत महत्त्वाचं. गुरांच्या गोचिडांवरचं औषध मांजराला लावू नका. कुत्र्याचंही लावू नका. गोठ्यात बाटली असते, थोडं पाण्यात घालून पुसलं तर काय बिघडतं, असं वाटतं. बिघडतं ते जिवावर बेततं. या औषधांत बहुधा डेल्टामेथ्रिन, सायपरमेथ्रिन किंवा अमिट्राझ असतं, आणि कुत्र्याच्या मानेवर टाकायच्या काही थेंबांत पर्मेथ्रिन असतं. कुत्र्याचं आणि गुराचं यकृत पर्मेथ्रिनसारखी द्रव्यं मोडून बाहेर टाकतं. मांजराच्या यकृताला ते जमत नाही. त्यातून मांजर दिवसभर स्वतःला चाटतं, म्हणजे अंगाला लावलेलं सगळं पोटात जातं. काही तासांत कान आणि कातडी फडफडू लागते, लाळ गळते, चाल अडखळते, मग झटके येतात. असं दिसलं तर भांडी घासायचा साबण आणि कोमट पाणी वापरून औषध धुऊन काढा, अंग कोरडं करून फडक्यात गुंडाळा आणि ताबडतोब पशुवैद्याकडे न्या. औषधाची बाटली किंवा पाकीट बरोबर घ्या. दूध किंवा तेल पाजत वेळ घालवू नका.

रॉकेल, फिनेल, कापूर, डांबरगोळ्या यांनाही हेच लागू. झुरळांचा खडू मांजराच्या अंगावर ओढणारे लोक आहेत. तो खडूही कीटकनाशकाचाच असतो. करंजेल चोळलं तर तेही चाटून पोटातच जाणार. जमिनीवर मीठ टाकण्याचा उपाय काही जण सांगतात. मीठ कोरडं असेल तर ओलावा शोषून अळीला सुकवतं, असा त्यामागचा विचार. पण आपल्याकडे पावसात बरणीतल्या मिठालाच पाणी सुटतं, ते जमिनीवर कोरडं राहणार कसं?

मांजराला पिसवा आहेत की नाहीत, हे आधी घरीच बघा. पांढरा कागद पाण्याने ओला करून पसरा, मांजराला त्यावर उभं करा आणि शेपटीच्या मुळाशी, पाठीवर उलट्या दिशेने केस विंचरा. काळी बारीक भुकटी कागदावर पडेल. माती असेल तर ती तशीच राहील. पिसवांची विष्ठा असेल तर मिनिटभरात तिच्याभोवती तांबूस डाग पसरेल, कारण ती म्हणजे मांजराचं सुकलेलं रक्त असतं. याच भुकटीवर जमिनीवरच्या अळ्या जगतात. उवा-लिखा काढायची बारीक दातांची फणी रोज फिरवली आणि दर खेपेला साबणाच्या पाण्यात बुडवली तर बऱ्याच पिसवा अशाच निघून जातात. आठ आठवड्यांच्या आतल्या पिल्लांवर स्वतःच्या मनाने कोणतंही औषध टाकू नका. त्यांना फणी आणि कोमट पाण्याची आंघोळ, एवढंच. पिल्लू मलूल असेल तर ओठ वर करून हिरड्या बघा. पांढुरक्या दिसल्या तर पिसवांनी रक्त शोषून पिल्लाला पंडुरोग झालेला असू शकतो आणि तासाभराचाही उशीर करू नये.

मोठ्या मांजरासाठी फिप्रोनिल, सेलामेक्टिन किंवा इमिडाक्लोप्रिड असलेले, खास मांजरांसाठी बनवलेले थेंब मिळतात. वजनाप्रमाणे मात्रा डॉक्टरांकडून ठरवून घ्या. जीभ पोचणार नाही अशा जागी, मानेच्या मागे, केस बाजूला करून थेट कातडीवर ते टाकायचे. महिन्याला एकदा, निदान तीन महिने. पहिल्या महिन्यानंतर पिसवा दिसेनाशा झाल्या म्हणून थांबलात तर कोशातून येणारी पुढची तुकडी पुन्हा जम बसवते. जंताचं औषधही विचारून घ्या. मांजर पिसू गिळतं तेव्हा तिच्यातला पट्टकृमी मांजराच्या पोटात जातो आणि गुदाशी तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे दिसू लागतात. लहान मुलांच्या तोंडात चुकून पिसू गेली तर त्यांनाही तो होऊ शकतो.

घराचं काम त्याच दिवशी सुरू झालं पाहिजे. मांजराचं अंथरूण उकळत्या पाण्यात धुवा. पावसात ऊन नसेल तर सुकल्यावर गरम इस्त्री फिरवा. लादीचे सांधे आणि भिंतीच्या कडा कुंच्याने खरवडून झाडा, केर साबणाच्या पाण्यात टाका, कोपऱ्यात तसाच ठेवू नका. मातीची जमीन असेल तर भेगा बुजवून सारवण करा. पडवीतली लाकडं, नारळाच्या सोडणांचा ढीग आणि जुन्या जाळ्यांचं भेंडोळं हलवून त्याखालची जागा साफ करा. उघड्या वाळूत, तापत्या उन्हात अळ्या टिकत नाहीत. सावलीतली, मांजराच्या बसण्याची जागा तेवढी बघायची. रात्री दिव्याखाली ताटलीत साबणाचं पाणी ठेवलं तर त्यात पिसवा पडतात. त्याने घर साफ होत नाही, पण दर आठवड्याला किती पडल्या ते पाहून काम कुठवर आलं, ते कळतं.

फवारणी करणारा माणूस बोलवायची वेळ आलीच, तर घरात मांजर आहे हे त्याला आधी सांगा आणि जमीन पूर्ण सुकेपर्यंत मांजराला बाहेर ठेवा. उरलेलं औषध आणि पंप धुतलेलं पाणी व्हाळात, विहिरीजवळ किंवा खाडीत ओतू देऊ नका. ही द्रव्यं मासळीला आणि कोळंबीला अत्यंत घातक असतात, आणि आपलं पोट त्यावर आहे.

एक भीतीही दूर करायला हवी. २०१६ पासून दोडामार्ग आणि मग सावंतवाडी तालुक्यात माकडतापाने माणसं दगावली, तेव्हापासून अंगावरचा कोणताही किडा दिसला की लोक धसकतात. माकडताप जंगलातल्या गोचिडांमुळे पसरतो. गोचीड चपटी, कातडीला घट्ट रुतून बसणारी असते. पिसू दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखी, तपकिरी आणि उडी मारणारी. मांजराच्या पिसवांनी माकडताप येत नाही. मांजर मात्र उंदीर मारतं, आणि ज्या जिल्ह्यात दर पावसात लेप्टोची भीती असते, जिथे उंदीर हजारो रुपयांची जाळी कुरतडतात, तिथे वाडीतली मांजरं हाकलून आपलंच नुकसान होईल.

एका घराने उपाय केला आणि शेजारच्या घराने केला नाही, तर मांजरं दोन्ही खळ्यांत फिरतात. म्हणून वाडीने एकाच आठवड्यात सगळ्या मांजरांना आणि कुत्र्यांना, प्रत्येकाला त्याचं त्याचं, औषध द्यावं. तारकर्ली-देवबागच्या होमस्टेवाल्यांनी यात पुढाकार घ्यावा, कारण पाहुण्याच्या पायावरचे चावे त्यांच्याच धंद्यावर येतात. बंदरावरच्या बिनमालकीच्या मांजरांना जे रोज मासळीचे तुकडे घालतात, त्यांच्याजवळच ती येतात. या मांजरांच्या औषधाचा खर्च वर्गणीतून करू, औषध लावायचं काम मात्र खाऊ घालणाऱ्यांनी अंगावर घ्यावं. आजारी जनावरासाठी सरकारचा १९६२ हा टोल-फ्री क्रमांक आहे.

मांजरांची तपासणी आणि नसबंदी यांसाठी वाडीत शिबिर घ्यावं, असा अर्ज ग्रामपंचायतीमार्फत पशुसंवर्धन विभागाकडे द्यायचा आहे. प्रत्येक घराने आपल्याकडे मांजरं किती, पिल्लं किती, कुत्रे किती, हे एका चिठ्ठीवर लिहून आपल्या प्रभागाच्या सदस्याकडे द्यावं. बंद घरांची चिठ्ठी किल्ली सांभाळणाऱ्यांनी द्यावी. ग्रामसभेच्या आधी चिठ्ठ्या आल्या तर आकडे अर्जात घालता येतील आणि किती औषध मागवायचं, ते त्याच सभेत ठरवता येईल.