विश्लेषण : जळगाव-धुळ्यातील मुलांच्या चाचण्या होतात, पुढे काय?

राष्ट्रीय सर्वेक्षणाचा अहवाल आला की जिल्ह्यांची क्रमवारी लागते. जळगाव पुढे की धुळे, याची चर्चा आठवडाभर चालते आणि फाइल बंद होते. चाचणीत जे मूल मागे दिसले, त्याला नंतर वर्गात वेगळे काय शिकवले, हे मात्र कोणी विचारत नाही.

कोणत्या चाचण्या होतात?

‘परख’ राष्ट्रीय सर्वेक्षण ४ डिसेंबर २०२४ रोजी तिसरी, सहावी आणि नववीच्या वर्गांत झाले. ७८१ जिल्ह्यांतील २१ लाखांहून अधिक विद्यार्थी त्यात होते. ही नमुना पाहणी असल्याने निवडक शाळांतील मुलेच पेपर सोडवतात. राज्याची नियतकालिक मूल्यांकन चाचणी वेगळी. ‘स्टार्स’ प्रकल्पांतर्गत २०२३-२४ पासून पायाभूत चाचणी आणि दोन संकलित मूल्यमापने होतात. प्रथम भाषा, गणित व इंग्रजीचे पेपर शिक्षकच तपासतात आणि गुण पुण्याच्या विद्या समीक्षा केंद्राकडे ऑनलाइन भरतात.

दहावीचा निकाल चांगला, मग चिंता कशाला?

२०२५ मध्ये राज्याचा दहावीचा निकाल ९४.१० टक्के लागला. ‘परख’मध्ये नववीच्या गणितात देशाची सरासरी ३७ टक्के आहे. हे दोन आकडे शेजारी ठेवून ओरड करणे चूक. पहिला उत्तीर्णांचे प्रमाण सांगतो, दुसरा बरोबर उत्तरांची सरासरी. पण दहावीत ३५ गुण पुरतात आणि शंभरपैकी २० गुण शाळेच्या हातात असतात. त्यामुळे उत्तीर्ण होणे आणि येणे यांत अंतर राहते. ते फार आधी पडलेले असते. याच सर्वेक्षणानुसार सहावीतील ५३ टक्के मुलांनाच दहापर्यंतचे पाढे येतात.

खानदेशात अडते कुठे?

पहिली अडचण भाषेची. घरात अहिराणी, लेवा गणबोली, पावरी, भिली किंवा बंजारा. पुस्तक प्रमाण मराठीत. ‘माले’ म्हणणारे मूल ‘मला’ वाचताना अडखळते, तेव्हा त्याला वाचता येत नाही की फक्त शब्द नवा आहे, हे गुणांवरून कळत नाही. साक्री, शिरपूरच्या पाड्यांवर किंवा यावल, रावेर, चोपडा तालुक्यांच्या सातपुड्यालगतच्या वस्त्यांत हे अंतर आणखी वाढते.

दुसरी अडचण हंगामाची. दिवाळीच्या आसपास कापूस वेचणी आणि ऊसतोड सुरू होते. आई-बाप तोडीला गेले की मूल सोबत जाते किंवा धाकट्यांना सांभाळत घरी राहते. राष्ट्रीय सर्वेक्षणे याच दिवसांत होतात : २०१७ आणि २०२१ मध्ये नोव्हेंबरात, २०२४ मध्ये डिसेंबरात. वर्गात नसलेले मूल नमुन्यातही नसते. म्हणजे सर्वांत मागे पडलेले मूल आकड्यात दिसण्याची शक्यताच कमी.

मग आकडे निरुपयोगी आहेत का?

नाहीत. त्यांचा वापर चुकतो. डिसेंबर २०२४ च्या परीक्षेचा अहवाल जुलै २०२५ मध्ये आला. तोवर तिसरीचे मूल चौथीत गेले होते. असा अहवाल धोरणासाठी ठीक, त्या मुलासाठी उशिराचा. वर्गासाठी राज्याची चाचणी अधिक उपयोगी आहे. मात्र त्याच गुणांवर शिक्षकाला जाब विचारला जाणार असेल, तर गुण फुगतील आणि दुखणे झाकले जाईल. ताप मोजणाऱ्यालाच तापाबद्दल दंड केला, तर पारा नेहमी साधारणच दिसणार.

काय करता येईल?

केंद्राच्या शिक्षण परिषदेत सरासरीऐवजी प्रश्ननिहाय उत्तरे मांडावीत : हातच्याची वजाबाकी किती मुलांची चुकली, उतारा कोणाला कळला नाही. पहिली-दुसरीत बोलीतून प्रमाण मराठीकडे नेणारे साहित्य द्यावे. अहिराणी किंवा पावरी येणारा शिक्षक त्या वर्गांना मिळावा. हंगामात गैरहजर राहिलेल्या मुलांची चाचणी ती परतल्यावर घ्यावी आणि त्यांची संख्या निकालासोबत जाहीर करावी. यांतल्या बहुतेक गोष्टींसाठी नवी योजना लागत नाही. दोन्ही जिल्हा परिषदांच्या शिक्षण विभागांनी पुढच्या संकलित मूल्यमापनापासून सुरुवात केली, तरी मूल त्याच इयत्तेत असताना त्याला मदत मिळेल.