शत्रूचें थडगें

गेल्या महिन्यांत आमच्या घरीं एक लहानसा प्रसंग घडला. रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर नातू व त्याचे दोन सोबती मोबाईलवर दूरदेशच्या युद्धाचीं दृश्यें पाहत बसले होते. कोणी शिपाई शत्रूच्या प्रेतावर पाय देऊन छायाचित्र काढून घेत होता, आणि आमचीं मुलें हसत होतीं. त्या वेळीं मी कांहीं बोललों नाहीं. दुसऱ्या दिवशीं सकाळीं तिघांनाही घेऊन वसईच्या किल्ल्यांत गेलों.

तेथील फ्रान्सिस्कन चर्चचें छप्पर केव्हांच नाहींसें झालें आहे. पण आंतल्या जमिनीवर पोर्तुगीज घराण्यांतील मृतांच्या थडग्यांचे कोरीव दगड अद्याप आहेत. तेथें उभे राहून मीं मुलांना विचारलें, “ज्यांनीं हा किल्ला जिंकला, त्यांच्या मनांत या लोकांविषयीं काय असेल?”

१७३७ सालीं सुरू झालेली ती मोहीम १७३९ च्या मे महिन्यांत संपली. चिमाजीअप्पांचे हजारों लोक सुरुंगांच्या स्फोटांत व तोफांच्या माऱ्यांत पडले. ज्याचा भाऊ काल तटाखालीं पडला, त्याच्या अंतःकरणांत दयेला जागा कोठून उरावी? तथापि तह झाला तेव्हां शत्रूला शस्त्रांसह, नगारे वाजवीत व निशाणें फडकवीत बाहेर पडूं दिलें. मागें राहणाऱ्या ख्रिस्ती रहिवाशांना आपला धर्म पाळण्याची मुभा मिळाली. घंटा मात्र विजयचिन्ह म्हणून नेल्या गेल्या. त्यांतली एक नाशिकास नारोशंकराच्या देवळावर आजही आहे. घंटा गेल्या, थडगीं राहिलीं.

येथें स्वतःची पाठ थोपटून घेण्याचा मोह होतो; तो आवरला पाहिजे. तीनच वर्षांनीं, १७४२ पासून, नागपूरकर भोसल्यांचे स्वार बंगाल्यांत शिरले. त्यांनीं गांवें जाळलीं, निःशस्त्रांना मारलें, स्त्रियांची विटंबना केली. गंगाराम नांवाच्या बंगाली कवीनें तें लिहून ठेविलें, आणि बंगाली अंगाईगीतांत ‘बर्गी’ आल्याचें भय अद्याप आहे. भाषा तीच, देव तेच. वसईस मात्र वरून आवरणारा हात होता, असें मला वाटतें.

परंतु शिपायाला केवळ सेनापतीच हुकूम देतो असें नाहीं. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानिपतावर शुजाउद्दौल्याच्या पदरीं काशीराज पंडित हजर होता. त्यानें लिहिलें आहे कीं, कैद्यांची कत्तल करणारे दुराणी शिपाई म्हणत, “निघतांना आमच्या आई-बहिणींनीं व बायकांनीं आपल्या नांवें कांहीं परधर्मी मारण्यास सांगितलें होतें, तें पुण्य त्यांना लाभावें.” विश्वासरावांचें शव पेंढा भरून काबूलला न्यावें, असाही आग्रह चालला होता. शुजाउद्दौल्यानें रदबदली करून तें सोडविलें व त्यास अग्निसंस्कार घडविला. छावणी एक, धर्म एक, आणि वर्तन असें भिन्न! हा मजकूर वाचतों तेव्हां मला रणांगणापेक्षां तो घराचा उंबरठाच डोळ्यांपुढें दिसतो. कत्तलीचें बीज तेथेंच पडलें होतें.

युद्ध माणसाचें मन एकाएकीं बिघडवीत नाहीं. प्रथम शत्रु माणूस वाटेनासा होतो. मग त्याचें प्रेत ही एक वस्तु होते. शेवटीं आपल्या कृत्याची लाजही उरत नाहीं. रामायणांत रावणाची उत्तरक्रिया करण्यास बिभीषण कचरतो, तेव्हां वैर मरणापाशीं संपलें असें रामच त्याला समजावितो. ज्याची पत्नी हरण झाली होती, त्यानेंच हें सांगावें यांत सर्व आलें.

परततांना एका थडग्यावर वेफर्सची रिकामी पिशवी पडलेली दिसली. कोणी शेजारच्या दगडावर आपलें नांवही खरवडून ठेविलें होतें. तेथें कोणतें युद्ध चाललें होतें? नातवानें कांहीं न बोलतां ती पिशवी उचलून खिशांत घातली. मीही कांहीं बोललों नाहीं.

आपलीं मुलें काय पाहतात, यावर वडीलधाऱ्यांचें लक्ष असतेंच. तें पाहून तीं हसतात कीं गप्प होतात, इकडेही वाचकांनीं आपापल्या घरीं लक्ष पुरवावें, एवढेंच या महिन्याचें सांगणें.