शस्त्रक्रिया यशस्वी, पण बाळंतीण?

बाळंतपण म्हणजे बाईचा पुनर्जन्म, असे आपल्याकडील वडीलधाऱ्या स्त्रिया म्हणत आल्या. शहरातील सुशिक्षित कुटुंबांना हे बोलणे आता जुन्या काळातले वाटू लागले आहे. सोयीचा दिवस ठरवावयाचा, जमल्यास पंचांगातला मुहूर्तही गाठावयाचा, आणि तासाभरात पेढ्यांचा पुडा फोडावयाचा, इतके सिझेरियन शस्त्रक्रियेचे प्रकरण अंगवळणी पडले आहे. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १७.२ टक्के बाळंतपणे या शस्त्रक्रियेने झाल्याचे आढळले. २०१९-२१ च्या पाहणीत हे प्रमाण २१.५ टक्क्यांवर गेले. खासगी रुग्णालयांपुरते पाहिले तर ते ४७.४ टक्के, म्हणजे जवळजवळ दर दोघींत एक. यांपैकी किती शस्त्रक्रिया खरोखर आवश्यक होत्या हा वाद मोठा आहे आणि तो आज आम्ही उकरून काढीत नाही. आमचा प्रश्न निराळा आहे. शस्त्रक्रिया वाढल्या, त्यांच्या पाठीशी जी व्यवस्था उभी असावयास हवी, ती त्याच वेगाने वाढली काय?

प्रश्न पडण्याचे कारण रक्तस्राव. प्रसूतीनंतर अतिरक्तस्राव होणाऱ्या स्त्रियांची संख्या जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ४० लाख असल्याचा, आणि त्यांपैकी सुमारे ७० हजार दगावत असल्याचा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. आपल्या देशात दर लाख जिवंत जन्मांमागे मातामृत्यूंचे प्रमाण २०१४-१६ मध्ये १३० होते. ते २०१९-२१ मध्ये ९३ वर आले. ही प्रगती कोणी नाकारू नये. परंतु जे मृत्यू अद्याप होतात त्यांत रक्तस्रावाचा वाटा मोठा आहे, आणि शस्त्रक्रियेच्या प्रसूतीत हा धोका नैसर्गिक प्रसूतीहून अधिक असतो, हे पेढे वाटताना कोणाच्या ध्यानी येत नाही.

दिवस भरलेल्या गर्भाशयाकडे दर मिनिटास ५०० ते ७०० मिलिलिटर रक्त वाहत असते. बाळ बाहेर आले आणि वार सुटली की तिच्या जागी असंख्य रक्तवाहिन्यांची तोंडे उघडी पडतात. पोटावरची जखम डॉक्टर शिवतो. या तोंडांना मात्र टाका घालता येत नाही. गर्भाशयाचे स्नायू आवळले गेले म्हणजे त्यांच्या तंतूंच्या पेचात ती चिमटली जातात. हा पेच सैल राहिला तर काय होईल, हे त्रैराशिक शिकणारा मुलगाही सांगू शकेल: मिनिटास अर्धा लिटर, तर दहा मिनिटांस किती? बाळंतिणीच्या अंगात सारे मिळून पाच-सहा लिटर रक्त असते. प्रत्यक्षात सारा प्रवाह एकदम बाहेर पडत नाही हे खरे. तरी हातात वेळ किती थोडा असतो याची कल्पना यावरून यावी. ज्या स्त्रीने दिवसभर कळा सोसल्या आणि अखेरीस जिला टेबलावर घ्यावे लागले, तिचे थकलेले गर्भाशय आवळण्यास अधिकच आढेवेढे घेते.

यावरचा पहिला उपाय स्वस्त आहे, जुना आहे आणि सर्वमान्य आहे. ऑक्सिटोसिन हे संप्रेरक व्हिन्सेंट द्यू विन्यो या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९५३ मध्ये प्रयोगशाळेत बनविले आणि १९५५ मध्ये त्यास नोबेल पारितोषिक मिळाले. बाळ बाहेर येताच ते देणे हा आज जगभरचा शिरस्ता आहे. मात्र ते २ ते ८ अंश तापमानात ठेवावे लागते. ज्या रुग्णालयात वीज जाते, किंवा जेथे औषधांच्या शीतकपाटात कर्मचाऱ्यांचे डबेही नांदतात, तेथे टोचलेल्या औषधात किती दम उरला होता हे कोण सांगणार?

या औषधाच्या बाबतीत सरकारने २०१८ मध्ये जो प्रकार केला त्याची आठवण येथे देणे अवश्य आहे. दुभत्या जनावरांना पान्हा फुटावा म्हणून गोठ्यांतून ऑक्सिटोसिन टोचले जाते, ही तक्रार जुनी होती आणि तिच्यात तथ्यही होते. त्यावर इलाज म्हणून केंद्र सरकारने त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये असे फर्मान काढले की देशातील वापरासाठी हे औषध खासगी कारखान्यांनी बनवूच नये. कर्नाटकातील एका सरकारी कंपनीने तेवढे बनवावे. कोट्यवधी बाळंतिणींची भिस्त एकाच कारखान्यावर! अंमलाची तारीख पुढे ढकलली गेली, प्रकरण न्यायालयात गेले, आणि डिसेंबर २०१८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने हा हुकूम मनमानी ठरवून रद्द केला. त्यावरील अपील सर्वोच्च न्यायालयात गेले असता २०१९ मध्ये ते मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आले. म्हशींचे रक्षण करावयास निघालेल्या खात्यास बाळंतिणीची आठवण न्यायालयाने करून द्यावी लागली, यातच सारे आले. गोठ्यातील गैरवापर रोखण्याचा मार्ग गोठ्यातूनच जातो. प्रसूतिगृहाचे औषध आटवून नव्हे.

दुसरे औषध ट्रानेक्झामिक ॲसिड. ओकामोतो या जपानी शास्त्रज्ञ दांपत्याच्या १९६२ च्या संशोधनाचे हे फळ. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २१ देशांतील २० हजार स्त्रियांवरील प्रयोगात असे दिसले की अतिरक्तस्राव झाल्यास प्रसूतीपासून तीन तासांच्या आत ते दिले तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ एकतृतीयांशाने घटतात. मग प्रत्येक सिझेरियनमध्ये ते आधीच का देऊ नये? हा प्रश्नही तपासला गेला आहे. फ्रान्समधील साडेचार हजार स्त्रियांच्या प्रयोगात (२०२१) रक्तस्राव काहीसा घटला. अमेरिकेतील अकरा हजार स्त्रियांच्या प्रयोगात (२०२३) मृत्यू वा रक्त देण्याची गरज यांत म्हणण्याजोगा फरक पडला नाही. तेव्हा ते हाताशी असावे, वेळेवर द्यावे. पण सुई टोचली म्हणजे कर्तव्य संपले असे कोणी समजू नये.

कारण खरी उणीव औषधांची नाही, लक्षाची आहे. रक्त किती गेले हे आपल्याकडे बहुधा डोळ्यांनी अजमावले जाते, आणि डोळा नेहमी कमीच सांगतो. सिझेरियनमध्ये तर काही रक्त शोषणयंत्राच्या बाटलीत गर्भजलात मिसळते, काही बोळ्यांत मुरते, काही चादरीखाली साचते. बोळे वजन करून रक्ताचा हिशेब लावणे हे काम वाण्याच्या तराजूनेही होण्यासारखे आहे; तरी ते होत नाही. मोजण्याचे महत्त्व जगाला पटविण्यात आपल्या बेळगावचा वाटा आहे, याचा अभिमान वाटावा. तेथील जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांनी बाळंतिणीच्या खाली अंथरावयाची, रक्त मापणारी एक साधी प्लास्टिकची पिशवी प्रचारात आणली. तिच्याच साह्याने त्या जिल्ह्यातील १,६२० ग्रामीण स्त्रियांची पाहणी झाली आणि मिसोप्रोस्टॉलच्या गोळ्यांनी अतिरक्तस्रावाचे प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर येते, हे २००६ मध्ये सिद्ध झाले. पुढे आफ्रिकेतील चार देशांत दोन लाखांवर स्त्रियांच्या बाबतीत अशाच मापाच्या पिशवीने रक्त मोजून, धोक्याची रेषा ओलांडताच सर्व उपाय एकदम योजले गेले, तेव्हा गंभीर रक्तस्राव आणि त्याचे परिणाम ६० टक्क्यांनी घटल्याचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. हे प्रयोग नैसर्गिक प्रसूतीचे होते. त्यांतले तत्त्व शस्त्रक्रियेच्या खोलीत नेण्यास कोणती अडचण आहे?

त्याहून नाजूक काळ शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या दोन तासांचा. टाके पडले, भूलतज्ज्ञ पुढच्या रुग्णालयाकडे निघाला, डॉक्टर बाह्यरुग्णांत गुंतला, नातेवाईक बाळाभोवती जमले. बाळंतीण मात्र पांघरुणाखाली एकटी. तरुण, धडधाकट शरीर बरेच रक्त जाईपर्यंत रक्तदाब सावरून धरते आणि मग एकाएकी ढासळते. नाडीचा आकडा रक्तदाबाच्या वरच्या आकड्यास गाठू लागला की धोका दारात आला, ही खूण कोणत्याही परिचारिकेस शिकविता येईल. पण तिने दर पंधरा मिनिटांनी पाहिले तर! जेथे एकच परिचारिका रात्रभर सारा कक्ष सांभाळते, तेथे तिला दोष देणे हा अन्याय आहे.

रक्ताची गोष्ट तशीच. गर्भवतींपैकी ५२.२ टक्के स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या पाहणीत आढळले. अशा स्त्रीचे जेवढे रक्त गेले असता दुसरी निभावून जाते, तेवढ्यानेच हिचे प्राण कंठाशी येतात. लोहाची गोळी तिसऱ्या महिन्यापासून पोटात गेली पाहिजे, नवव्यात नव्हे. आणि पहिले सिझेरियन निष्कारण झाले तर त्याची किंमत पुढच्या बाळंतपणी मोजावी लागते: वार जर खाली, गर्भाशयमुखावर बसली असेल, तर ती गर्भाशयाच्या भिंतीत रुतून बसण्याचा धोका पहिल्या शस्त्रक्रियेच्या वेळी ३ टक्के, दुसरीच्या वेळी ११ आणि तिसरीच्या वेळी ४० टक्के असल्याचे एका मोठ्या अमेरिकन पाहणीत दिसले.

२०१८-२० च्या आकडेवारीत महाराष्ट्राचे मातामृत्यूचे प्रमाण ३३ होते; देशात केरळच्या खालोखाल. केरळचे होते १९. या अंतरामागे पुष्कळ कारणे असतील, पण एक आम्हांस विशेष वाटते. तेथील स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघाने २००४ पासून मातामृत्यूंची गोपनीय छाननी चालविली आहे. रुग्णाचे, डॉक्टरचे वा रुग्णालयाचे नाव कोठे येत नाही. चूक कोठे झाली एवढेच शोधले जाते आणि निष्कर्ष छापले जातात. आपल्याकडे मृत्यूंचे अन्वेषण नियमाने होते, पण त्यातून निघालेला धडा शेजारच्या तालुक्यातील डॉक्टरपर्यंत पोहोचत नाही. नातेवाईक हातघाईवर येतात, डॉक्टर कागद जपतो, आणि खरे कारण फायलीत राहते.

शहरातील खासगी प्रसूतिगृहांना शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा लागू आहे. नोंदणीच्या नूतनीकरणास येणाऱ्या प्रत्येक गृहास महानगरपालिकेने एवढेच विचारावे: शीतकपाटाच्या तापमानाची रोजची नोंद दाखवा, मध्यरात्री रक्त कोठून, किती मिनिटांत येते ते लेखी द्या, बोळे वजन करता काय, आणि शस्त्रक्रियेनंतर दोन तास बाळंतिणीजवळ कोण बसते त्याचे नाव सांगा. ज्या वाचकांच्या घरी येत्या काही महिन्यांत पाळणा हलणार आहे त्यांनीही खोली वातानुकूलित आहे काय हे विचारण्यापूर्वी हेच चार प्रश्न विचारावेत. महानगरपालिकेच्या उत्तराची वाट पाहण्याइतका वेळ त्यांच्यापाशी नाही.